विळी माळ्यावरून खाली काढ

"मावशी, मी २७ वर्षांची. सासर बेळगावजवळच्या खेड्यात, माहेर चंदगडकडे. बाळंतपण माहेरी झालं. मुलगी आता साडेचार महिन्यांची आहे. माहेरी असतानाच एकदा विळीवर दोडका चिरत होते, बाळ शेजारी दुपट्यावर होतं, आणि एकदम मनात आलं, ही विळी हिला लावली तर? दोडका तसाच टाकून मी बाहेर पळाले. तेव्हापासून हा विचार पाठ सोडत नाही. सासरी आल्यावर मी विळी आणि चाकू गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकले. भाजी चिरायची वेळ आली की सासूबाई शेजारणीची विळी आणतात. बाळाला आंघोळ घालायला मी बसत नाही, कढत पाणी तिच्यावर ओतेन असं वाटतं. परड्यातल्या विहिरीकडं तर जातच नाही. विचार आला की रामरक्षा म्हणते, मध्ये चुकले की परत पहिल्यापासून. रात्री यांना उठवून विचारते, 'मी काही करणार नाही ना?' हे उद्यमबागेत फौंड्रीत कामाला आहेत, पहाटे निघायचं असतं. 'नाही गं' म्हणतात आणि कूस वळवतात. मला पाच मिनिटं बरं वाटतं, मग परत तेच. सासूबाई म्हणतात बाहेरचं लागलंय, देवऋष्याकडून अंगारा आणलाय. डॉक्टरला सांगितलं तर बाळ काढून घेतील म्हणून बोलले नाही. दहावीत असताना मी भुवईचे केस उपटायचे, तेव्हापासूनच माझं डोकं बिघडलंय का? मी खुनी आहे का? मला वेड लागलंय का? देव मला कसली शिक्षा करतोय?"

— एक आई, बेळगाव तालुका

पोरी,

सगळ्यात आधी तुझ्या शेवटच्या तीन प्रश्नांची उत्तरं. तू खुनी नाहीस. तुला वेड लागलेलं नाही. आणि तान्ह्या बाळाच्या आईला असली शिक्षा देणारा देव मला तरी माहीत नाही. ही उत्तरं नीट वाचून घे, कारण मी ती पुन्हा देणार नाही. मला तुझी काळजी नाही असं समजू नकोस. ज्या गोष्टीवर तुझा आजार पोसला जातोय, ती मी तुला देऊ नये एवढंच माझं म्हणणं आहे. कसं ते पुढे सांगते.

तू लिहिलंयस ते वाचून हा ओसीडी, म्हणजे मंत्रचळाचा आजार, असावा असं मला फार वाटतं. पक्कं निदान डॉक्टर समोर बसवून, विचारपूस करून करतील. आपल्याकडे मंत्रचळ म्हटलं की सारखे हात धुणारी, दाराची कडी दहादा बघणारी, सोवळ्याच्या नावाखाली घागरी ओतणारी माणसं डोळ्यापुढे येतात. पण या आजाराची दुसरीही बाजू असते, जी बाहेरून कुणाला दिसत नाही. देवघरात हात जोडले की मूर्तीविषयी घाणेरडे शब्द मनात येणारी माणसं आहेत. मोटरसायकल घरी लावल्यावर, वाटेत कुणाला धडक तर दिली नाही ना, म्हणून परत तेवढा रस्ता पालथा घालणारी आहेत. आणि तुझ्यासारख्या बाळंतिणी आहेत, ज्यांच्या मनात आपल्याच बाळाला इजा करण्याचं चित्र उभं राहतं आणि त्या हादरून जातात. अशा बायका माझ्याकडे येतात तेव्हा पहिला अर्धा तास नुसत्या रडतात, कारण हे वाक्य त्यांनी तोवर कुणापुढे उच्चारलेलं नसतं. तू ते लिहून काढलंस. मोठं काम केलंस.

असले विचार फक्त आजारी माणसालाच येतात हा गैरसमज आधी मनातून काढ. १९७८ साली लंडनमध्ये रॅकमन आणि डिसिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी कसलाही आजार नसलेल्या माणसांना त्यांच्या नकोशा विचारांबद्दल विचारलं. बहुतेकांनी 'येतात' म्हणून सांगितलं, आणि ते विचार ओसीडीच्या रुग्णांच्या विचारांपेक्षा वेगळे ओळखणं जाणत्यांनाही अवघड गेलं. पुढे नव्या आयांवर झालेल्या अभ्यासातही जवळपास निम्म्या जणींनी कबूल केलं की बाळाला मुद्दाम इजा करण्याचा विचार मनाला कधी ना कधी चाटून गेला. तुझी आई, तुझ्या सासूबाई, शेजारची ती तीन लेकरं वाढवलेली बाई, यांच्यातही कुणाच्या मनात तो येऊन गेला असेल. त्या 'शी, काय भलतंच' म्हणाल्या आणि भाकरी थापायला लागल्या. तू तिथंच थांबलीस आणि स्वतःला विचारलंस, 'असा विचार आला म्हणजे मी कोण?' आजार त्या प्रश्नापासून सुरू झाला.

तो बाळावरच का येऊन बसला, याचंही कारण आहे. हा आजार माणसाच्या काळजाचा तुकडा शोधून तिथंच बोट ठेवतो. भाविकाला देवाविषयी छळतो, प्रामाणिक माणसाला हिशेबाविषयी, आणि आईला लेकराविषयी. त्यात बाळंतपणाच्या आगेमागे हा आजार पहिल्यांदा डोकं वर काढतो, किंवा आधीचा असेल तर बळावतो. रात्री चार वेळा उठणं, शरीरातले बदल, आणि एका जिवाचा सगळा भार अंगावर. तुझं काही चुकलं म्हणून हे झालेलं नाही.

आता विळीकडे येऊ. विचार आला, भीती वाटली, तू विळी माळ्यावर टाकलीस. सुटल्यासारखं वाटलं. पण त्या सुटकेतून तुझा मेंदू काय शिकला? 'विळी लपवली म्हणून बाळ वाचलं, म्हणजे धोका खराच होता.' दुसऱ्या दिवशी त्यानं चाकू दाखवला, मग कढत पाणी, मग विहीर. खरजेसारखं आहे हे. खाजवलं की घटकाभर बरं वाटतं आणि जखम आणखी पसरते. तुझं खाजवणं चार जागी चाललंय : वस्तू लपवणं, बाळाच्या आंघोळीपासून दूर राहणं, चुकली तर पहिल्यापासून रामरक्षा, आणि रात्री नवऱ्याला विचारणं.

यातलं चौथं सगळ्यात चिवट असतं, कारण ते आजार वाटतच नाही, दोघांमधलं बोलणं वाटतं. तुझा नवरा भला माणूस आहे. दिवसभर भट्टीपुढे उभं राहून आल्यावरही अर्धवट झोपेत तो तुला धीर देतो. पण त्याच्या प्रत्येक 'नाही गं'नंतर तुला पाचच मिनिटं मिळतात, हे तूच लिहिलंयस. उद्या चार मिनिटं मिळतील. शंकेला उत्तर हवं असतं असं आपल्याला वाटतं. या आजारातली शंका उत्तर खाते आणि परत ताट पुढे करते. म्हणून मी वर म्हटलं की मी एकदाच सांगणार.

त्यानं काय म्हणावं, तेही सांगते, कारण नुसतं 'उत्तर देऊ नका' म्हटलं की घरच्यांना ते निष्ठुरपणाचं वाटतं. हा परिच्छेद त्याला वाचायला दे. भाऊ, ती विचारेल तेव्हा चिडू नका आणि खात्रीही देऊ नका. म्हणा, 'हा प्रश्न आजार विचारतोय, मी त्याला उत्तर देणार नाही. पण मी जागा आहे, तुझ्याजवळ बसतो.' तिचा हात धरा, पाणी द्या, कामावरच्या गप्पा सांगा. पहिले काही दिवस ती जास्त विचारेल, रडेल, 'तुम्हाला माझी काळजी नाही' म्हणेल. टिकून राहा. मात्र हे दोघांनी दिवसाउजेडी, ती शांत असताना आधी ठरवून घ्या. रात्री अचानक उत्तर द्यायचं बंद करू नका.

रामरक्षेबद्दल. ती सोडू नकोस. संध्याकाळी दिवा लावल्यावर एकदा म्हण, चुकली तरी पुढे जा. विचार पळवून लावायला मात्र म्हणू नकोस. प्रार्थनेला देवापुढे बसव, आजाराच्या राखणीला नको.

सासूबाईंचं ऐकून तुला राग आला असेल, तरी माझं ऐक. त्यांनी तुला घराबाहेर काढलं नाही, दूषण दिलं नाही. बाळाची आंघोळ, स्वयंपाक सगळं अंगावर घेतलं. त्यांना ठाऊक असलेल्या मार्गानं त्या तुझ्यासाठी धावतायत. अंगारा कपाळाला लावायचा तर लावू देत. पोटात काही घ्यायचं नाही, बाळाच्या तोंडात काही घालायचं नाही, उपासतापास करायचे नाहीत, आणि त्या पायी डॉक्टरकडे जाणं एक दिवसही लांबवायचं नाही. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जायचा त्यांचा नवस असेल, तर सगळी मिळून जा, बाळाला तूच कडेवर घे.

आता एक गोष्ट घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवायची. बाळंतपणानंतर क्वचित, हजारात एखाद्-दुसरीला, वेगळाच आजार होतो. त्याला बाळंतपणानंतरचा सायकोसिस म्हणतात. बहुतेक वेळा तो पहिल्या काही दिवसांत, आठवड्यांत सुरू होतो. दोन-दोन दिवस झोप नाही तरी थकवा नाही, असंबद्ध बडबड, कुणीच नसताना आवाज ऐकू येणं, 'हे बाळ माझं नाही', 'यात वाईट शक्ती आहे' अशी पक्की समजूत. तिथं त्या बाईला आपले विचार खरे वाटतात, त्यांची भीती वाटत नाही. तुझं नेमकं उलट आहे : विचार आला की तू पळतेस, रडतेस, वस्तू लपवतेस. पण तसलं काही दिसलं, किंवा तुला स्वतःला जगणं नकोसं वाटायला लागलं, तर वाट बघायची नाही. रात्र असो, पाऊस असो, त्याच वेळी जिल्हा रुग्णालयात जायचं, आणि तुला एकटं ठेवायचं नाही. ओसीडीबरोबर उदासीनता, म्हणजे डिप्रेशन, हेही बऱ्याचदा येतं, म्हणून हे लिहिलं.

डॉक्टर बाळ काढून घेतील ही तुझी भीती मी समजू शकते. पण मानसोपचारतज्ज्ञ असले विचार रोज ऐकतात. तू सांगितलेलं गुप्त ठेवणं त्यांना बांधून घातलेलं आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तर असं स्पष्ट लिहिलंय की आईला दाखल करावं लागलं तरी तीन वर्षांखालचं मूल एरवी तिच्यापासून तोडायचं नाही. बाळाला खरोखर धोका आहे असं डॉक्टरांना वाटलं तरच अपवाद. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये आई आणि बाळ दोघांना एकत्र ठेवून उपचार करणारा विभागच आहे. तुला तिथवर जावं लागेल असं मला वाटत नाही, पण अशी सोय या देशात आहे हे तुला माहीत असावं.

जायचं कुठं? बेळगावात जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपण बिम्स म्हणतो तिथं, मानसोपचार विभाग आहे. केसपेपर काढायचा आणि रांगेत बसायचं. धारवाडला डिमहान्स ही खास मानसिक आजारांची सरकारी संस्था आहे, सकाळच्या बसनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं. कर्नाटकात 'मनोचैतन्य' योजनेत तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ येतात. खानापूर, चिकोडीकडच्या वाचकांनी आपल्या दवाखान्यात कोणता मंगळवार ते विचारून घ्यावं. आणि घरातून पाऊल टाकायचा धीर होत नसेल, तर आधी १४४१६ हा टेलिमानसचा नंबर लाव. ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा सुरू आहे, फुकट, रात्रंदिवस, आणि भाषा निवडता येते.

भाषेचं मुद्दाम सांगते. आपल्या भागात दवाखान्याची पाटी कानडी, फॉर्म कानडी किंवा इंग्रजी, आणि मनातलं दुखणं मराठी. बाई तिथं गेली की अवघडते आणि 'झोप येत नाही, डोकं दुखतं' एवढंच सांगून झोपेची गोळी घेऊन परत येते. असं होऊ देऊ नकोस. बेळगावात मराठी समजणारे डॉक्टर मिळतात. केसपेपर काढतानाच 'मराठी येणारे डॉक्टर आहेत का' म्हणून विचार. आणि हे वाक्य कागदावर लिहून ने : 'बाळाला इजा करण्याचे नकोसे विचार येतात. मला तसं करायचं नाही. त्यांची भीती वाटते म्हणून मी विळी लपवते, आंघोळ टाळते, जप करते, नवऱ्याला पुन्हा पुन्हा विचारते.' बोलता आलं नाही तर कागद पुढे कर. भुवयांचं, दहावीचंही सांग. रक्त आणि थायरॉईड तपासायला हवं का तेही विचार, बाळंतपणानंतर थायरॉईड बिघडून जीव घाबरा होतो.

औषध. ओसीडीला सरट्रालीन, फ्लुऑक्सेटिन, फ्लुवोक्सामिन या जातीच्या गोळ्या देतात. अंगावर पाजणाऱ्या आईला बहुधा सरट्रालीन पसंत करतात, कारण दुधातून ती फार थोडी जाते. तू दूध पाजतेस हे आधी सांगायचं, आणि स्वतःच्या मनानं दूध तोडायचं नाही. पहिल्या आठवड्यात मळमळ होते, पोट बिघडतं, क्वचित बेचैनी वाढते; तेव्हा गोळी न टाकता डॉक्टरला कळवायचं. या गोळ्यांची सवय लागत नाही. पण त्या सावकाश काम करतात, खरा फरक कळायला आठ ते बारा आठवडे लागतात, आणि ओसीडीला डोसही उदासीनतेपेक्षा बऱ्याचदा जास्त लागतो. इथंच आपली माणसं चुकतात. तीन आठवड्यांनी 'गुण नाही' म्हणून सोडतात, नाहीतर चौथ्या महिन्यात 'बरं वाटलं' म्हणून सोडतात. बरं वाटल्यावरही निदान वर्षभर, कधी दोन वर्षं घ्यावी लागतात, आणि बंद करतानाही डॉक्टरांच्या सांगण्यानं हळूहळू.

गोळीबरोबर दुसरा उपचार आहे, आणि माझा जीव त्याच्यावर जास्त आहे. ज्याची भीती वाटते त्याच्या समोर पायरीपायरीनं जायचं, आणि भीती वाटली तरी नेहमीचं खाजवणं करायचं नाही. १९६६ पासून ही पद्धत वापरात आहे. शिकलेल्या समुपदेशकाबरोबर करावी हे उत्तम. विचारताना 'ओसीडीची एक्स्पोजर थेरपी येते का' असंच विचार, कारण नुसत्या गप्पा मारून, धीर देऊन हा आजार हटत नाही. तुझ्या घरात ती कशी दिसेल ते सांगते. डॉक्टरांना दाखवून आलीस की नवऱ्याला सांगून विळी माळ्यावरून खाली काढायची आणि स्वयंपाकघरात तिच्या जागी ठेवायची. एवढंच. दोन-चार दिवस ती तिथं नुसती असू दे. मग बाळ आतल्या खोलीत झोपलेलं असताना दोन कांदे चिर. मग पाळणा दिसेल असं दार उघडं ठेवून. मग बाळ सासूबाईंच्या मांडीवर, त्याच खोलीत. प्रत्येक पायरीवर छातीत धडधडेल, घाम येईल. तेव्हा पळायचं नाही, रामरक्षा नाही, कुणाला विचारायचं नाही. विचाराशी भांडायचंही नाही : 'आलास का? बस. मी कांदा चिरतेय.' धडधड वाढते, वर जाऊन टेकते, आणि काही न करताही उतरायला लागते. कधी वीस मिनिटं, कधी जास्त. ती आपोआप उतरते हे तुझ्या शरीराला एकदा कळलं की पुढची पायरी सोपी जाते. एखाद्या दिवशी नाही उतरली, तरी कांदा तुझा चिरून झालेला असेल.

आंघोळीचंही तसंच. आधी सासूबाई घालतील, तू टॉवेल घेऊन शेजारी बस. मग तेल तू लाव. मग हंड्यातलं पाणी तू विसण, कोपर बुडवून बघ, जशी प्रत्येक आई बघते, एकदाच. मग तांब्या तुझ्या हातात, बाळ त्यांच्या पायांवर. मग बाळ तुझ्या पायांवर. विहिरीचं शेवटी ठेव, आणि विहिरीला कठडा नसेल तर तो बांधून घ्या. ती काळजी आजाराची नाही, लेकरू उद्या रांगणार आहे.

भुवयांचे केस उपटण्याबद्दल विचारलंस. तो आजार ओसीडीचाच नातलग आहे. डॉक्टरांच्या वर्गीकरणात २०१३ पासून केस उपटणं, कातडी सोलत राहणं, आरशात आपल्यातलं व्यंगच दिसत राहणं, घरात भंगार साठवत जाणं हे सगळं ओसीडीच्या शेजारी एकाच प्रकरणात घातलंय. ताण वाढला की तुझं मन असल्या वाटेनं जातं, एवढाच त्याचा अर्थ. हा कल काही घराण्यांत चालतो, म्हणून माहेरी कुणाला असं काही होतं का ते आईला विचार, डॉक्टर विचारतील. तुझ्या मुलीला तो येईलच असं मुळीच नाही, आणि आला तरी तिची आई तो ओळखू शकेल.

रात्री मोबाईलवर 'आईनं बाळाला मारलं' असल्या बातम्या शोधत असशील तर तेही बंद कर. तू लिहिलं नाहीस, पण बहुतेक जणी शोधतात, आणि तेही खाजवणंच आहे.

नवऱ्याला या आठवड्यात एक दिवस रजा काढायला सांग. सासूबाईंनाही बरोबर घ्या; डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की त्यांना पटेल, शिवाय रांगेत बाळाला सांभाळायला माणूस लागेल.

पुढे सणाला माहेरी जाशील. इथली डॉक्टरांची चिठ्ठी महाराष्ट्रात, चंदगडच्या औषधाच्या दुकानातही चालते, फक्त तिची झेरॉक्स जवळ ठेव. तरी महिन्याच्या गोळ्या बेळगावातूनच घेऊन जा, खेड्यात त्या प्रत्येक वेळी मिळतीलच असं नाही. आणि आईला आधीच फोन करून सांग की आंघोळीच्या वेळी तिनं पुढे व्हायचं नाही, बाळाला तूच न्हाऊ घालणार आहेस.

— मावशी